रस्त्याच्या पाटीवरचा त्रान फू

बोरूबहाद्दर (शनिवार, रात्री १०:५२)

व्हिएतनाममधल्या होई आनला जाऊन आलेल्या मराठी माणसाच्या फोनमध्ये एक फोटो हमखास असतो. पिवळ्या भिंती, वर रंगीत कंदिलांच्या माळा, मध्ये काका-काकू आणि काकूंच्या डोक्यावर ती पानांची टोकदार टोपी. यातले निम्मे फोटो ज्या रस्त्यावर काढलेले असतात त्याचं नाव त्रान फू. फ्रेंचांच्या काळात त्याला जपानी पुलाचा रस्ता म्हणायचे. न्या त्रांगला समुद्राला लागून जो लांबलचक रस्ता जातो, तोही त्रान फू. दा नांगमध्ये आहे, वुंग ताऊत आहे, हनोईत तर आहेच. आपल्याकडे गावोगाव महात्मा गांधी रोड असतो, तसं.

मी कामासाठी तीन आठवडे हनोईत होतो. ऑफिसातल्या एका पोराला विचारलं, हा कोण रे बाबा? "कम्युनिस्ट पक्षाचा पहिला सरचिटणीस. शाळेत धडा होता." आणि? आणि काही नाही, हसला. त्याला तरी काय बोलणार? दादरला सेनापती बापट मार्गावर रोज अडकून पडणाऱ्याला बापटांबद्दल दोन वाक्यं विचारून बघा.

परत आल्यावर वाचत बसलो. एवढे रस्ते ज्याच्या नावाचे, तो त्या पदावर जेमतेम सहा महिने होता. सत्ताविसाव्या वर्षी गेला. ज्या दस्तऐवजामुळे तो ओळखला जातो, तोही पक्षाने पुढे हळूच बाजूला ठेवला. मला त्या दस्तऐवजापेक्षा माणसातच जास्त रस वाटला, म्हणून हा धागा.

सुरुवात वडिलांपासून करावी लागते. घराणं हा तिन्ह प्रांतातल्या तुंग आन्ह गावचं, पण वडील नोकरीनिमित्त दक्षिणेकडे फू येन प्रांतात होते आणि तिथे १ मे १९०४ ला हा जन्मला. (१ मे! पक्षाच्या चरित्रकारांना याहून सोयीची तारीख मिळाली नसती.) वडील जुन्या पद्धतीच्या परीक्षा पास झालेले, राजाच्या नोकरीतले. आधी शिक्षण खात्यात, मग क्वांग न्गाय प्रांतातल्या दुक फोचे तालुका अंमलदार. आपला मामलेदार समजा. राजा नावापुरता, हुकूम फ्रेंचांचा, आणि वसुली, वेठबिगार, बंदोबस्त सगळं या मामलेदाराच्या हातून करून घ्यायचं.

१९०८ मध्ये मध्य व्हिएतनामात कर आणि वेठीविरुद्ध लोक उठले. शेतकऱ्यांचे जथे कात्र्या घेऊन फिरायचे आणि दिसेल त्या पुरुषाचा अंबाडा कापायचे. जुनं गेलं, ही खूण. क्वांग नाममध्ये सुरू झालेलं हे लोण क्वांग न्गायपर्यंत आलं. वर फ्रेंच रेसिडेंट, खाली आपलीच माणसं, मध्ये हा मामलेदार. त्याने आत्महत्या केली. त्रान फू तेव्हा चार वर्षांचा. दोनेक वर्षांत आईही गेली. मोठ्या भावंडांनी वाढवलं.

पोरगा हुशार होता. हुएच्या क्वोक होक या नावाजलेल्या शाळेत शिकला आणि १९२२ मध्ये पहिला आला. या शाळेची गंमत अशी की हो चि मिन्ह तिथे शिकले, पुढे सेनापती झालेले जियाप शिकले, आणि शाळेचे पहिले प्रमुख होते न्गो दिन्ह खा, म्हणजे पुढे दक्षिण व्हिएतनामचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या दिएमचे वडील. एकाच अंगणातून दोन्ही बाजू निघाल्या.

पहिला आलेला मुलगा फ्रेंच कचेरीत सहज चिकटला असता. हा विन्हला प्राथमिक शाळेत मास्तर झाला. विन्ह म्हणजे तेव्हा मध्य व्हिएतनामातलं कामगारांचं गाव. रेल्वेचं वर्कशॉप, बेन थुई बंदरावर आगकाड्यांचा कारखाना, लाकडाच्या गिरण्या. आणि आजूबाजूला न्घे आन प्रांत, ज्याने फान बोई चाऊंसारखे स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी दिले, हो चि मिन्ह दिले. तिथे तीन वर्षं शिकवताना १९२५ मध्ये तो फुक व्हिएत नावाच्या गुप्त संघटनेत गेला.

पुढचा भाग मला भलताच आवडला. १९२६ मध्ये संघटनेने त्याला चीनमध्ये कँटनला पाठवलं. तिथे न्गुयेन आय क्वोक, म्हणजेच हो चि मिन्ह, तरुणांना जमवून वर्ग घेत होते. दोन्ही संघटना एक करता येतील का, याची बोलणी करायची होती. हा बोलणी करायला गेला आणि त्यांच्यातच सामील झाला. आमच्याकडे सोयरीक जुळवायला गेलेला स्वतःच बोहल्यावर चढला, असं म्हणतात त्यातली गत.

१९२७ मध्ये मॉस्को. पूर्वेकडच्या श्रमिकांसाठी काढलेलं विद्यापीठ, तिथे नाव लिक्वे. इकडे १९२९ मध्ये विन्हच्या कोर्टात त्याच्यावर गैरहजेरीत खटला चालला. मास्तरकी केली त्याच गावात.

१९३० च्या सुरुवातीला हाँगकाँगमार्गे परतला तेव्हा देश पेटलेला होता. फेब्रुवारीत येन बायला राष्ट्रवादी पक्षाच्या सैनिकांचं बंड होऊन चिरडलं गेलं होतं. त्याच सुमारास हाँगकाँगमध्ये न्गुयेन आय क्वोक यांनी आपसांत भांडणारे कम्युनिस्ट गट एका पक्षात आणले होते. त्रान फूने आधी उत्तर पालथं घातलं. होन गायच्या कोळसा खाणी, हायफाँग, नाम दिन्हची कापड गिरणी, थाय बिन्हची भातशेती. मग हनोईत थो न्युओम म्हणजे 'रंगाऱ्यांची गल्ली', तिथल्या ९० नंबरच्या फ्रेंच धाटणीच्या घरात बसून पक्षाचा राजकीय मसुदा लिहिला. हे घर मी बाहेरून पाहिलं. मला चाट पाडलं ते पुढच्या गोष्टीने. फ्रेंचांचा होआ लो तुरुंग तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर आहे. पकडले गेलो तर कुठे नेतील, हे त्याला लिहिता लिहिता ठाऊक असणार.

ऑक्टोबर १९३० मध्ये हाँगकाँगच्या बैठकीत मसुदा मंजूर झाला, पक्षाचं नाव इंडोचायना कम्युनिस्ट पक्ष झालं, आणि हा सव्वीस वर्षांचा माजी मास्तर सरचिटणीस. मुक्काम सायगावला, म्हणजे आजच्या हो चि मिन्ह शहरात, हलवला. ११ एप्रिल १९३१ ला मॉस्कोत कॉमिन्टर्नने, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेने, या पक्षाला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली. १८ एप्रिलला सायगावात त्रान फू पकडला गेला. पत्ता फोडला न्गो दुक त्रीने. हा कोणी बाहेरचा हेर नव्हे. मॉस्कोत शिकलेला, स्थायी समितीत शेजारी बसणारा.

पोलिसांनी काय केलं ते लिहीत नाही. कल्पना करता येते. ६ सप्टेंबर १९३१ ला चो क्वान रुग्णालयाच्या कैदी वॉर्डात तो क्षयाने गेला. सोबतच्यांना शेवटचा निरोप, "लढण्याची जिद्द टिकवून ठेवा."

आणखी एक. पक्षाचे पहिले चार सरचिटणीस: त्रान फू, ले होंग फोंग, हा हुय ताप, न्गुयेन वान कू. चौघेही फ्रेंचांच्या कैदेत मेले. सर्वांत वयस्कर होता तो चाळिशीचा.

---

मोडीवाचक (शनिवार, रात्री ११:२०)

छान लिहिलंय. नावांबद्दल थोडं. 'त्रान फू' चालेल, पण हनोईतला माणूस ते 'चन फू'च्या जवळ म्हणेल आणि सायगावचा 'ट्रन फू'च्या. शिवाय तिकडे आडनाव आधी असतं, पण हाक स्वतःच्या नावाने मारतात, म्हणजे हे 'श्री. फू'. न्गुयेनचं तर काय सांगू! सुरुवातीचा उच्चार चक्क आपला ङ. मुळाक्षरांत पाठ केला, आणि नंतर आयुष्यभर फक्त 'वाङ्मय' लिहिताना वापरला. त्या बिचाऱ्या ङ-ला व्हिएतनाममध्ये केवढा मान आहे बघा.

---

येवलेकर (शनिवार, रात्री ११:३४)

आमच्या तालुक्यातही एक सायगाव आहे, तिथे इतकं काही घडलेलं नाही :)

जोक बाजूला. त्या काळच्या सायगावात हिंदुस्थानी माणसंही होती, हे राहिलं. तमिळ चेट्टियार सावकार. मेकाँगच्या खोऱ्यातल्या भातवाल्यांना कर्ज द्यायचे. १९३० च्या मंदीत भाताचा भाव कोसळला तेव्हा किती जमिनी सावकारांकडे गहाण होत्या ते लक्षात घ्या, म्हणजे 'जमीन कसणाऱ्याला' ही कम्युनिस्टांची घोषणा इतकी का चालली ते कळेल. त्या वस्तीचं मारिअम्मन मंदिर अजून शहराच्या मध्यात आहे. सहलीवाले दाखवतात.

---

तिरकस (रविवार, सकाळी ८:०५)

धागा आवडला, सूर नाही आवडला. हुतात्म्याचं चरित्र लिहिताना हुतात्म्यांच्या पक्षाने लिहिलेलंच वाचलं की असं होतं.

दोन गोष्टी. एक, तुम्ही 'बाजूला ठेवला' म्हणून ज्या मसुद्यावरून पुढे गेलात, तोच मुख्य मुद्दा आहे. फेब्रुवारीत हो चि मिन्ह यांनी जो छोटा कार्यक्रम लिहिला त्यात आधी देश स्वतंत्र करू, त्यासाठी छोटे जमीनदार, देशभक्त व्यापारी यांनाही बरोबर घेऊ, असा रोख होता. ऑक्टोबरच्या बैठकीने त्यालाच चूक ठरवलं. वर्गलढा पुढे, राष्ट्र मागे. मॉस्कोहून ताजा ताजा आलेला मास्तर आपल्याच गुरूच्या वहीवर लाल शाई मारतोय, असं ते चित्र आहे.

दोन, कैदेत मेलेले सगळे याच पक्षाचे नव्हते, आणि मारणारे सगळे फ्रेंच नव्हते. सायगावचा ता थू थाऊ हा ट्रॉट्स्कीवादी, म्हणजे स्टालिनविरोधी कम्युनिस्ट नेता, 'ला ल्युत' या पत्रातून याच कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून काही वर्षं लढला. निवडणुका जिंकल्या. तुरुंगवास भोगले. १९४५ मध्ये त्याला व्हिएत मिन्हच्या, म्हणजे हो चि मिन्ह यांच्या आघाडीच्या लोकांनी क्वांग न्गायमध्ये मारलं. तुमच्या मामलेदाराने जीव दिला तोच प्रांत. त्याच्या नावाचा रस्ता कुणाच्या फोटोत आला तर कळवा.

---

सुरंगी (रविवार, सकाळी ९:४७)

तिरकसराव, मुद्दे बरोबर आहेत, पण सकाळी सकाळी इतकं?

मला त्या विन्हच्या शाळेत परत जायचंय. बोरूबहाद्दर, तुम्ही त्या वर्गातल्या एका मुलीला विसरलात. न्गुयेन थी विन्ह, १९१० चा जन्म, वडील विन्ह स्टेशनावर रेल्वेत नोकरीला. त्रान फू तिचे मास्तर होते. पुढे जग तिला न्गुयेन थी मिन्ह खाय म्हणून ओळखतं.

विशीत ती हाँगकाँगला होती, कॉमिन्टर्नच्या कचेरीत न्गुयेन आय क्वोक यांच्या हाताखाली काम करत. मास्तर पकडले गेले त्याच वर्षी ब्रिटिशांनी तिलाही पकडलं. सुटून १९३५ मध्ये मॉस्कोला कॉमिन्टर्नच्या सातव्या काँग्रेसमध्ये प्रतिनिधी म्हणून गेली आणि वसाहतींमधल्या बायकांच्या प्रश्नावर भाषण केलं. तिथेच ले होंग फोंगशी लग्न. हा मूळचा विन्हकडचा कामगार, मग चीनमध्ये लष्करी शिक्षण, मग रशियात वैमानिकाचं. परत येऊन ती सायगाव-चोलोनची पक्षसचिव. १९३९ मध्ये मुलगी झाली. १९४० च्या जुलैत अटक.

असं सांगतात की तुरुंगात पोलिसांनी नवरा-बायकोला समोरासमोर उभं केलं आणि दोघांनीही 'ओळखत नाही' म्हटलं. पक्षाच्या चरित्रांतल्या सगळ्याच गोष्टी मी जशाच्या तशा घेत नाही, पण ही घ्यावीशी वाटते.

२८ ऑगस्ट १९४१ ला सायगावजवळ होक मोनला तिला गोळ्या घातल्या. त्याच दिवशी तुमच्या यादीतले हा हुय ताप आणि न्गुयेन वान कू. शिक्षा कशासाठी? नोव्हेंबर १९४० च्या दक्षिणेतल्या उठावासाठी. उठाव झाला तेव्हा हे तिघंही आधीच गजाआड होते! ले होंग फोंग पुढच्या वर्षी कोन दाओ बेटावरच्या तुरुंगात गेला. तारीख ६ सप्टेंबर. त्रान फूचीच.

तिची धाकटी बहीण जियापची पहिली बायको. तीही हनोईच्या होआ लोमध्ये गेली. जियापला ते बऱ्याच उशिरा कळलं.

---

बोरूबहाद्दर (रविवार, दुपारी १:१५)

सुरंगीताई, विसरलो नव्हतो, पुढच्या भागासाठी राखून ठेवलं होतं. आता पुढचा भाग तुम्हीच लिहा.

तिरकस, पहिला मुद्दा मान्य. आणि गंमत म्हणजे आजची तिथली अधिकृत पाठ्यपुस्तकंही साधारण तेच म्हणतात: मसुदा मोलाचा, पण त्यात 'मर्यादा' होत्या. १९४१ मध्ये हो चि मिन्ह तीस वर्षांनी देशात परतले, पाक बोच्या बैठकीत राष्ट्रीय स्वातंत्र्य पुन्हा पुढे आणलं आणि व्हिएत मिन्ह उभी राहिली. फेब्रुवारी १९३० चाच रोख, अकरा वर्षांनी.

पण लाल शाई मारणारा तो एकटा नव्हता. १९२८ पासून कॉमिन्टर्नचाच सूर असा होता, सगळीकडे. आणि बाहेर काय चाललं होतं ते बघा. १२ सप्टेंबर १९३० ला विन्हजवळ हुंग न्गुयेनला शेतकऱ्यांच्या मोर्चावर फ्रेंच विमानांनी बॉम्ब टाकले, दोनशेच्या वर माणसं मेली. न्घे आन-हा तिन्हमध्ये गावंच्या गावं सोव्हिएत, म्हणजे शेतकऱ्यांचं स्वतःचं राज्य, जाहीर करत होती. त्यातलं हा तिन्ह त्याचं घर, विन्ह त्याची शाळा. त्या महिन्यात बसून 'देशभक्त जमीनदारांना सांभाळून घ्या' असं लिहिणं कुणाला जमलं असतं?

मला खटकतं ते वेगळंच. बाप राजदरबारी अंमलदार. १९५३ ते ५६ च्या जमीन सुधारणेत अशा घरांतल्या पक्षकार्यकर्त्यांनाही 'वर्गशत्रू' म्हणून गावासमोर उभं केलं गेलं, इतकं की शेवटी चुकीची कबुली देऊन सरचिटणीस त्रुओंग चिन्हना पायउतार व्हावं लागलं. त्रान फू तेव्हा पन्नाशीचा असता. कुठल्या बाजूला बसला असता, मंचावर की मंचासमोर, हे मला ठरवता येत नाही.

---

तिरकस (रविवार, दुपारी १:४०)

हे आधीच लिहिलं असतंत तर मी चहा शांतपणे प्यायलो असतो.

---

सुईदोरा (रविवार, सायंकाळी ६:३०)

फक्त वैद्यकीय पुरवणी. पोलिसकोठडीत मेलेल्या माणसाच्या कागदावर 'क्षय' लिहिलं की वाचणारा भुवया उंचावतो. पण इथे ते खोटंच असेल असं नाही. १९३१ मध्ये क्षयावर औषध नव्हतंच, स्ट्रेप्टोमायसिन १९४३ चं. उपाय म्हणजे विश्रांती, हवा, खाणं. म्हणजे कोठडीत जे मिळत नाही नेमकं तेच. अंगात रोग दबून असेल तर मारहाण, उपास आणि ओलसर खोली त्याला पाच महिन्यांत वर काढते. त्यामुळे 'क्षयाने मेला' आणि 'पोलिसांनी मारला' ही दोन वाक्यं मला एकमेकांच्या विरुद्ध वाटत नाहीत.

चो क्वान रुग्णालय अजून चालू आहे, संसर्गजन्य रोगांचं मोठं रुग्णालय म्हणून. कैदी वॉर्ड स्मारक म्हणून जपलाय.

---

गिरणगावकर (सोमवार, रात्री ९:१०)

त्या मॉस्कोच्या विद्यापीठाचा आपल्याकडचा धागा जोडतो. १९२१ मध्ये ताश्कंदची हिंदी लष्करी शाळा बंद पडली तेव्हा मानवेंद्रनाथ रॉय यांची पोरं याच विद्यापीठात गेली. त्यातले एक शौकत उस्मानी. १९२४ मध्ये कानपूर कटाच्या खटल्यात त्यांना चार वर्षं झाली, आणि त्याच खटल्यात तेवढीच शिक्षा आपल्या श्रीपाद अमृत डांग्यांना. पुढे १९२९ च्या मीरत खटल्यातही दोघे होतेच, शिवाय मिरजकर, घाटे.

मीरतवाले चार वर्षं कोर्टात भाषणं करत होते, वकील होते, विलायतेत समित्या निघत होत्या. त्याच काळात, पकडल्यानंतर त्रान फूचा खटला उभाच राहिला नाही. इंग्रज चांगले होते असं म्हणत नाहीये, उगाच कुणी अंगावर येऊ नका.

---

भटकभवानी (बुधवार, रात्री १०:०२)

धागा वर काढतेय. मागच्या वर्षी हनोई-हुए ट्रेनने जाताना विन्हला उतरले होते. इंग्रजी बोलणारं कुणी नाही, पर्यटक तर नाहीच. तिथून गाडी करून तुंग आन्हला गेले, तासाभराच्या आत पोचतो. १९९९ मध्ये त्रान फूचे अवशेष सायगावात सापडल्यावर इथे आणून पुरले, म्हणजे अडुसष्ट वर्षांनी स्वारी घरी आली.

थडगं टेकडीवर आहे. पायऱ्या चढून गेलं की खाली न्गान साऊ आणि न्गान फो या दोन नद्या मिळताना दिसतात आणि पुढे ला नदी होऊन जातात. आपल्याकडे असता तर संगमावर घाट आणि मंदिर झालं असतं. तिथे त्यांनी मास्तरला ठेवलंय. एक आजी उदबत्त्या लावत होत्या. मला बघून काहीतरी विचारलं, मी "अन दो" म्हटलं. म्हणजे इंडिया, एवढा एकच शब्द मला येत होता. त्यांनी त्यांच्या जुडग्यातल्या तीन उदबत्त्या काढून माझ्या हातात दिल्या. लावल्या.

---

बोरूबहाद्दर (बुधवार, रात्री १०:१५)

फोटो आहेत का?

---

भटकभवानी (बुधवार, रात्री १०:२१)

नदीचे आहेत, उद्या लॅपटॉपवरून टाकते. थडग्याचा काढला नाही, हातात उदबत्त्या होत्या.